तांब्याची पोकळी आणि दोन भाऊ : कणवेगवर्धकाच्या इतिहासातील एक प्रकरण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. वर्गात इतिहास शिकविताना माझाही बहुतेक वेळ त्यातच जातो. परंतु यंत्रांनाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो राजांच्या इतिहासापेक्षा अधिक बोधप्रद असतो. कारण राजाचा मुलगा राजा होतो, त्यात त्याचे कर्तृत्व कितीसे? यंत्राच्या इतिहासात मात्र कोण कोठून आला, त्याच्या हातात काय होते आणि त्याला दार कोणी उघडून दिले, हे सारे स्पष्ट दिसते.

मोठ्या इस्पितळात कर्करोगाच्या रुग्णाला किरणांचा ‘शेक’ देतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. काहींवर तर घरच्या माणसाला तेथे घेऊन जाण्याचा प्रसंगही आला असेल. शेक देणाऱ्या त्या यंत्राच्या पोटात तांब्याची एक पोकळ नळी असते. तिच्यात सूक्ष्मतरंग, म्हणजे अत्यंत आखूड रेडिओ-लहरी, सोडल्या जातात. त्या लहरींवर स्वार होऊन इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि धातूच्या पत्र्यावर आदळून तीव्र क्ष-किरण निर्माण करतात. अणूच्या गाभ्याचा शोध घेणारी मैलोगणती लांबीची यंत्रेही याच तत्त्वावर चालतात. या सर्वांना कणवेगवर्धक असे नाव आहे. ही पोकळी आणि तिला शक्ती पुरविणारे साधन कसे निर्माण झाले, त्याची हकिगत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

झोपाळ्याचे तत्त्व

विद्युत्‌भार असलेल्या कणाला वेग द्यावयाचा तर त्याला विजेच्या दाबातून न्यावे लागते. एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्टचा दाब ओलांडला म्हणजे त्याला मिळणाऱ्या ऊर्जेला एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. अणुगर्भाचे संशोधन करण्यास अशी लक्षावधी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. मग लक्षावधी व्होल्टचा दाब निर्माण करावा, हे ओघानेच आले. पण दाब फार वाढविला की वीज हवेतून उडी मारते, ठिणग्या पडतात आणि यंत्र निकामी होते. १९२०च्या सुमारास शास्त्रज्ञांपुढे हीच अडचण उभी होती.

यातून वाट दाखविणारे तत्त्व लहान मुलांनाही ठाऊक आहे. झोपाळ्यावरच्या मुलाला एकाच दणक्यात उंच नेण्याची गरज नसते. झोका आपल्याकडे येऊन परत फिरला की नेमक्या त्या क्षणी हलकासा धक्का द्यावा. दहा-वीस धक्क्यांत झोका उंच जातो. तसेच कणालाही एक प्रचंड धक्का देण्याऐवजी वेळ साधून अनेक लहान धक्के द्यावेत. १९२४ साली स्वीडनमधील गुस्टाफ इसिंग याने अशी कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणली रॉल्फ विडेरो या नॉर्वेजियन तरुणाने, जर्मनीतील आखेन येथे. नळ्यांना दिशा बदलणारी वीज जोडून त्याने सोडियम व पोटॅशियम यांचे आयन पळविले. दाब होता २५ हजार व्होल्टचा, पण दोनदा धक्का दिल्यामुळे कणांना ऊर्जा मिळाली ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टची. हा त्याचा प्रबंध १९२८ साली प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्नेस्ट लॉरेन्स नावाच्या तरुण प्राध्यापकाच्या हाती तो जर्मन लेख पडला. लॉरेन्सला जर्मन नीट येत नव्हती. त्याने आकृत्या पाहिल्या आणि त्यांवरून कल्पना उचलली. सरळ रांगेत नळ्या ठेवण्याऐवजी चुंबकाच्या साहाय्याने कण वर्तुळात फिरवावा आणि प्रत्येक फेरीत त्याला धक्का द्यावा, असे त्याला सुचले. यातून सायक्लोट्रॉन जन्मास आला आणि १९३९ साली लॉरेन्सला नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथालयात बसून मासिके चाळणे म्हणजे वेळ दवडणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

इलेक्ट्रॉनाची अडचण

जड कणांचे असे भागले, पण इलेक्ट्रॉनाचे काय? तो इतका हलका की थोड्याच धक्क्यांत त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. सेकंदाला १ कोटी आवर्तने करणारी वीज घेतली तरी तिचे अर्धे आवर्तन होईपर्यंत असा इलेक्ट्रॉन १५ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे एकेक नळी १५ मीटरची हवी! अशी यंत्रे बांधणे अशक्यच. यावर उपाय एकच : विजेची आवर्तने शेकडो पटींनी वाढवावयाची. सेकंदाला २८५ कोटी आवर्तने केली तर तेच अंतर सुमारे ५ सेंटिमीटरवर येते. परंतु त्या काळच्या रेडिओच्या बल्बांना इतक्या जलद आवर्तनांची शक्तिमान वीज निर्माण करणे जमत नव्हते. साध्या तारांतून ती नेऊ गेले तर ती वाटेतच चहूकडे उधळून जाई.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम हॅन्सन हा पदार्थविज्ञानाचा तरुण अध्यापक याच प्रश्नाच्या मागे लागला होता. त्याला इलेक्ट्रॉन पळवून क्ष-किरण मिळवावयाचे होते, तेही कमी खर्चात. त्याने तारांचा नादच सोडला आणि तांब्याचा बंद पोकळ डबा घेतला. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकर मारली की तिच्यातून एक ठराविक सूर निघतो. घागर लहान तर सूर उंच, मोठी तर सूर खालचा. धातूच्या डब्यात विजेच्या लहरी सोडल्या की तसेच होते. डब्याच्या आकारमानाशी जुळणारी लहर आत घुमू लागते, भिंतींवरून परतते आणि थोड्याशा शक्तीने आत मोठा विद्युत्‌दाब निर्माण होतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. हॅन्सनने रुंबा या नृत्यावरून आपल्या पोकळीला ‘रुंबाट्रॉन’ असे गमतीदार नाव दिले. आज जगातील अनेक कणवेगवर्धकांत ज्या पोकळ्या बसविलेल्या असतात, त्या या डब्याच्याच नात्यागोत्यातील होत.

घागर तयार झाली, पण तिच्यात जोराने फुंकणारा हवा होता. तो स्टॅनफर्डला आला दोन भावांच्या रूपाने.

रसेल आणि सिगर्ड

रसेल व्हॅरियनचा जन्म १८९८चा आणि सिगर्डचा १९०१चा. आईवडील आयर्लंडहून अमेरिकेत आलेले, थिऑसॉफी पंथाचे, साधेपणाने राहणारे. कॅलिफोर्नियात हॅल्सिअन नावाच्या त्या पंथाच्या लहानशा वसाहतीत हे कुटुंब राहत असे. घरी पैशाची चणचण नेहमीची.

रसेल शाळेत मागे पडलेला मुलगा होता. वाचताना त्याला अक्षरे जुळविणे जड जाई, लिहिताना चुका होत. पुढच्या काळात अशा अडचणीला डिस्लेक्सिया हे नाव मिळाले. त्या वेळी मात्र अशा मुलाला सरळ ‘मंद’ म्हणून मोकळे होत. बरोबरीची मुले पुढे निघून गेली, तरी रसेलने शिक्षण सोडले नाही. १९२५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो स्टॅनफर्डमधून पदवीधर झाला आणि दोन वर्षांनी एम.ए. झाला. नंतर तेलाच्या कंपनीत, मग दूरचित्रवाणीच्या प्रयोगशाळेत त्याने नोकऱ्या केल्या. काही वर्षांनी डॉक्टरेट करावी म्हणून त्याने स्टॅनफर्डकडे पुन्हा अर्ज केला, तेव्हा विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला.

सिगर्डची तऱ्हा अगदी निराळी. त्याला पुस्तकाचा कंटाळा आणि हाताने काही करण्याची विलक्षण हौस. त्याने कॉलेज अर्ध्यावर सोडले, विमान चालविण्यास शिकला आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या मार्गावर पॅन अमेरिकन कंपनीचा वैमानिक झाला. रात्री आणि धुक्यात उड्डाण करताना समोरचा डोंगर दिसत नाही, याचा त्याला रोजचा अनुभव. शिवाय युरोपात हिटलरचा उदय झालेला. अंधारात येणारे बॉम्बफेकी विमान दुरून ओळखता आले पाहिजे, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. आखूड रेडिओ-लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून विमान हुडकता येईल. पण अशा लहरी निर्माण करणारे साधन कोठे होते? त्याने थोरल्या भावाला गाठले. दोघांनी प्रथम हॅल्सिअनलाच स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभारली.

रसेल आणि हॅन्सन यांची स्टॅनफर्डमधील जुनी मैत्री. त्या ओळखीने १९३७ साली दोघे भाऊ विद्यापीठात आले. करार मोठा मासलेवाईक होता. पगार काही नाही. प्रयोगशाळा वापरण्याची मुभा, प्राध्यापकांशी चर्चा करण्याची मोकळीक आणि साहित्यासाठी वर्षाला १०० डॉलर. शोधातून उत्पन्न झालेच तर त्यातील निम्मा वाटा विद्यापीठाचा. ज्या विद्यापीठाने रसेलला विद्यार्थी म्हणून दार बंद केले होते, त्यानेच त्याला काम करण्यासाठी एक खोली उघडून दिली. ही खोली मिळाली नसती तर पुढची हकिगतच घडली नसती.

शाळेच्या घंटेचा दाखला

जून १९३७ मध्ये रसेलला हवी असलेली युक्ती सुचली. ती समजण्यासाठी आपल्या शाळेचाच दाखला घेऊ. एका गल्लीतून तीन मुले पाच-पाच मिनिटांच्या अंतराने शाळेस निघाली. पहिला रमतगमत चालतो, दुसरा नेहमीच्या चालीने, आणि उशीर झालेला तिसरा धावत सुटतो. घरून निघताना तिघे वेगवेगळे होते, पण फाटकापाशी पोहोचताना तिघे एकदमच येतात आणि फाटकावर गर्दी होते.

रसेलने इलेक्ट्रॉनांचा एकसारखा झोत एका पोकळीतून जाऊ दिला. त्या पोकळीत बारीकशी लहर घुमत असते. ती काही इलेक्ट्रॉनांना किंचित अडविते, काहींना किंचित ढकलते. पुढे मोकळ्या वाटेत मागचे पुढच्यांना गाठतात आणि एकसारख्या झोताचे घोळके बनतात. हे घोळके ठराविक तालावर दुसऱ्या पोकळीत शिरतात, आपली ऊर्जा तिला देतात आणि ती पोकळी जोराने घुमू लागते. पहिल्या पोकळीत कुजबुज, तर दुसरीत गर्जना!

कल्पना रसेलची, पोकळी हॅन्सनची आणि घडण सिगर्डच्या हातची. निर्वात नळीत केसाइतकेही अंतर चुकता कामा नये, असे काम सिगर्डने केले. ऑगस्ट १९३७ मध्ये त्या नळीने पहिल्यांदा लहरी दिल्या. किनाऱ्यावर लाटा येऊन फुटतात त्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकाने तिला ‘क्लायस्ट्रॉन’ हे नाव सुचविले. विज्ञानाच्या बारशाला भाषेचा शिक्षक बोलवावा लागला, याचे मला एक भाषाप्रेमी म्हणून विशेष वाटते.

महायुद्ध आणि मॅग्नेट्रॉन

१९३९ साली महायुद्ध पेटले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात सहा भोके पाडून, त्या पोकळ्यांच्या मध्यभागी चुंबकाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन गरगर फिरविले. २१ फेब्रुवारी १९४० रोजी या मॅग्नेट्रॉनने सुमारे १० सेंटिमीटरच्या लहरींवर पहिल्याच प्रयोगात काहीशे वॉट शक्ती दिली. त्या काळी ही शक्ती अचाट होती. त्याच वर्षी ब्रिटिश शिष्टमंडळाने हे गुपित अमेरिकेस नेले आणि रडार युद्धात निर्णायक ठरले. रडारमध्ये जोरदार लहर सोडण्याचे काम मॅग्नेट्रॉनचे आणि परत आलेली लहर ओळखण्यात मदत क्लायस्ट्रॉनची, अशी वाटणी झाली. आज पुष्कळ घरांत अन्न गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टी दिसते, तिच्यात हाच मॅग्नेट्रॉन असतो.

युद्ध संपताच हॅन्सन आपल्या जुन्या ध्यासाकडे वळला. १९४७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या पोकळ्यांची रांग जोडून, मॅग्नेट्रॉनच्या शक्तीवर इलेक्ट्रॉन पळविले. हे यंत्र १२ फुटांपर्यंत वाढविल्यावर ऊर्जा ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेली.

आता यंत्र आणखी लांबवावयाचे तर अनेक शक्तिसाधने एका तालावर चालली पाहिजेत. येथे मॅग्नेट्रॉन अपुरा पडू लागला. तो आपल्याच सुरात गाणारा गवई. अशा दहा-वीस गवयांचा सूर जुळविणे कठीण. क्लायस्ट्रॉन मात्र दिलेलाच सूर मोठा करून सांगतो. एकाच उगमाचा मंद सूर शेकडो क्लायस्ट्रॉनांना दिला तर सारे एका तालावर चालतील, जशी एका शिटीवर कवायत चालते. पण त्या काळच्या चांगल्या क्लायस्ट्रॉनची शक्ती फार तर ३० किलोवॉट. हवी होती तिच्या सुमारे हजारपट. एडवर्ड गिन्झ्टन आणि मार्विन चोडोरोव्ह यांनी ती उडी घेतली. १९४९च्या मार्चमध्ये त्यांच्या क्लायस्ट्रॉनने क्षणिक स्पंदांत १ कोटी वॉटहून अधिक शक्ती दिली. त्याच वर्षी मे महिन्यात हॅन्सन फुप्फुसाच्या विकाराने वारला. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती, आणि त्याने आखलेले मोठे यंत्र अर्धवटच होते.

सहकाऱ्यांनी ते पुरे केले. त्याच यंत्रावर रॉबर्ट हॉफस्टॅटरने प्रोटॉनचे आकारमान मोजले आणि १९६१ साली नोबेल मिळविले. १९६६ साली स्टॅनफर्डजवळ २ मैल लांबीचा वेगवर्धक सुरू झाला. त्यात तांब्याच्या सुमारे ८० हजार पोकळ्या आणि त्यांना शक्ती देणारे सुमारे २४० क्लायस्ट्रॉन होते. त्या यंत्रावरील प्रयोगांतून प्रोटॉनच्याही आत लहान कण आहेत, हे जगाला कळले आणि १९९० साली तीन शास्त्रज्ञांना त्याबद्दल नोबेल देण्यात आले.

प्रयोगशाळेतून इस्पितळात

युद्धाच्या धास्तीतून जन्मलेल्या या साधनाचे सर्वांत मोठे पुण्य मात्र इस्पितळात आहे. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मॅग्नेट्रॉनवर चालणाऱ्या वेगवर्धकाने कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार सुरू झाले. अमेरिकेत डॉ. हेन्री कॅप्लन आणि गिन्झ्टन यांनी मिळून तयार केलेले यंत्र १९५६ साली रुग्णसेवेत आले. तेथील सुरुवातीच्या रुग्णांत एक लहान बालक होते. डोळ्याच्या कर्करोगाने त्याचा एक डोळा काढावा लागला होता. दुसरा डोळा या यंत्राच्या किरणांनी वाचला.

व्हॅरियन बंधूंनी १९४८ साली मित्रांसह अवघ्या २२ हजार डॉलरच्या भांडवलावर कंपनी काढली होती. पुढे हीच कंपनी उपचाराच्या अशा यंत्रांसाठी जगभर प्रसिद्ध झाली. रसेल १९५९ साली हृदयविकाराने गेला. सिगर्ड १९६१ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ विमान अपघातात गेला. ज्या आकाशाने त्याला प्रश्न दिला, त्याच आकाशात त्याचा शेवट झाला.

हे सारे परदेशातले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.च्या आवारात ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिने उपचारासाठी ६० लाख व्होल्टचा वेगवर्धक देशातच तयार केला. त्यांपैकी एक यंत्र वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसविले गेले. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला वेगवर्धक २००७ साली पूर्णत्वास गेला. त्यात २८ पोकळ्या आहेत. तांब्यावर शिशाचा मुलामा देऊन त्या द्रवरूप हेलियमने शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवतात. इतक्या थंडीत शिशाचा विद्युत्‌रोध जवळजवळ नाहीसा होतो आणि थोडक्या शक्तीत पोकळी घुमत राहते. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरील जगप्रसिद्ध यंत्रात २०१२ साली हिग्ज कण सापडला. तेथेही प्रोटॉनांना धक्का देणाऱ्या पोकळ्या अतिशीतच आहेत, आणि त्यांना शक्ती देतात ते क्लायस्ट्रॉनच.

या कहाणीतून काय घ्यावे?

दरवर्षी निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोन प्रकारचे पालक भेटतात. एकाचा मुलगा वाचनात मागे असतो, दुसऱ्याचा पुस्तक सोडून रेडिओ नाहीतर पंखा उघडून बसतो. दोघेही एकच प्रश्न विचारतात, “सर, याला शाळेतून काढून कामाला लावू का?” त्यांच्या घरची ओढाताण मला ठाऊक असते, म्हणून त्यांना दोष देण्याचे धाडस होत नाही. पण माझे उत्तर या कहाणीत आहे. पहिला मुलगा रसेल होता आणि दुसरा सिगर्ड. रसेलला वेळ लागला, पण त्याने शिक्षण सोडले नाही, आणि त्या शिक्षणाशिवाय क्लायस्ट्रॉनची युक्ती त्याला सुचली नसती. सिगर्डने कॉलेज सोडले, पण हातातली विद्या सोडली नाही. आणि तीही एका विद्यापीठाच्या छताखाली आली तेव्हाच फळास आली. हॅन्सनसारखा पंडित मित्र लाभला नसता तर दोघेही हॅल्सिअनलाच राहिले असते.

प्रत्येक मागे पडलेला मुलगा शास्त्रज्ञ होईल, असे मी म्हणत नाही. ते खोटे आश्वासन होईल. परंतु कोणता मुलगा काय होईल, हे सातवी-आठवीच्या गुणपत्रिकेवरून ठरविण्याचा अधिकार ना शिक्षकाला आहे, ना पालकाला. झोपाळ्याला हवा असतो तो वेळेवर दिलेला हलका धक्का, दणका नव्हे. मुलाचेही तसेच आहे. आणि शिक्षण संस्थांचे काम ते काय? प्रयोगासाठी एक खोली, थोडे साहित्य, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा एक जाणता माणूस, एवढे जरी आपण प्रत्येक होतकरू मुलामुलीला देऊ शकलो तरी पुष्कळ झाले. स्टॅनफर्डने तरी व्हॅरियन बंधूंना याहून अधिक काय दिले होते?

विद्यार्थी मित्रांनो, रिकामी घागर पाहून कोणी तिला निरुपयोगी म्हणेल. पण तिच्यातली पोकळी योग्य सुराची वाट पाहत असते. तो सूर लागेपर्यंत अभ्यास सोडू नका, एवढीच विनंती.